समुद्रापासून पाचशे मीटरवरची जुनी सेडान : चार वर्षांच्या वहीतून

घर मालवणजवळ वायरीला, समुद्रापासून जेमतेम पाचशे मीटर. नोकरी कुडाळला, पतपेढीत. चौके, धामापूर, नेरूरपार करत जाऊन-येऊन साठ किलोमीटर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात शेजारच्या परसातला माड माझ्या स्कूटरवर आडवा झाला आणि त्याच पावसाळ्यात सासूबाईंचे गुडघे एवढे दुखायला लागले की त्यांना रिक्षात चढवणं दोघांचं काम होऊन बसलं. गाडी घ्यायची ठरली. हाताशी दोन लाख होते, त्यापलीकडे कर्ज काढायचं नव्हतं.

तेव्हा जिकडे बघावं तिकडे लोकांना उंच गाड्या हव्या होत्या, म्हणून जुन्या पेट्रोल सेडानचे भाव पडले होते. मला मात्र सेडानच हवी होती. डिकीत घडीची चाकाची खुर्ची आडवी मावते आणि मागची सीट एवढी खाली असते की सासूबाईंना पाय फार उचलावा लागत नाही. कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याकडे मनासारखी मिळाली. डिसेंबर २००९ ची नोंदणी, दीड लिटर पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मीटरवर ८६ हजार. तो १ लाख ८५ हजार मागत होता, १ लाख ६० हजारांवर आला. तारीख नोव्हेंबर २०२१. आज मीटरवर १ लाख ४९ हजार आहेत, म्हणजे माझ्याकडे गाडी ६३ हजार किलोमीटर पळाली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक खर्च एका वहीत लिहिते, चाळीस रुपयांचा फ्यूजसुद्धा. इथे लिहिलेले आकडे त्या वहीतले आहेत.

कंपनीचं नाव देत नाही. पुढे जे बिघाड सांगणार आहे ते मी याच वयाच्या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांनाही झालेले पाहिलेत, मी जिथे जाते त्या गॅरेजच्या अंगणात. चूक कंपनीची थोडी, वयाची जास्त आणि किनाऱ्याच्या हवेची सगळ्यात जास्त.

घेताना मला एकच भीती होती, पुराची गाडी गळ्यात पडण्याची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच आठवड्यात पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं होतं, आणि चारच महिन्यांनी मी त्याच शहरात जुनी गाडी शोधत होते. म्हणून चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले. पुराची गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. डिकीतलं जादा चाक उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवलं, सीटखालचे नट-बोल्ट गंजलेत का ते टॉर्चने पाहिलं, हेडलाइटच्या काचेत बाष्प धरलंय का तेही. सगळं कोरडं निघालं. टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूवर कोरलेले चार आकडे २३१४ होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातले, सात वर्षांचे. त्यावरच भाव उतरवून घेतला. एवढं बघितलं आणि गाडीच्या खाली मात्र बघितलं नाही. व्यापारी म्हणाला, “खालून नवीन कोटिंग केलंय मॅडम,” आणि खरंच खालची बाजू काळीभोर चकचकीत दिसत होती. ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

कुडाळात माझ्या पतपेढीच्या एका सभासदाने मेस्त्रींचा पत्ता दिला. साठीचे, बोलायला कमी. गाडी जॅकवर चढवायच्या आधीच मला म्हणाले, “वयनी, रंगाक काय बघतास? खाली वाकान बघलास काय?” मग गाडी वर घेतली, हातात स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डाव्या दाराखालच्या रनिंग बोर्डवर त्याच्या मुठीने टकटक केली. पुढे टणटण वाजलं, मागच्या चाकाजवळ आवाज बसका झाला. तिथे त्यांनी टोक टेकवलं, जोर न लावता, आणि ते आत गेलं. काळ्या कोटिंगखाली पत्र्याऐवजी तपकिरी पापुद्रे होते. कोणीतरी गंज न खरवडता वरून काळं फवारलं होतं, त्यामुळे ओल आतच कोंडली आणि पत्रा आतून कुजत राहिला. कोटिंग करायचंच असेल तर आधी गंज तारेच्या ब्रशने पत्रा दिसेपर्यंत काढायचा, प्रायमर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच वर थर. विकायच्या आदल्या आठवड्यात केलेलं कोटिंग दिसलं तर मी आता ती गाडी घेणार नाही. घेतलीच तर तीस हजार कमी देईन.

दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड कापून नवा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडला, आतून मेणाचं गंजरोधक मारलं, खालून नीट कोटिंग केलं. ११,५०० रुपये. या कामाला मेस्त्रींनी चार दिवस घेतले आणि काढलेला पत्रा पिशवीत भरून माझ्या हातात दिला. ही त्यांची पद्धतच आहे. जो भाग बदलला तो जुना भाग परत द्यायचा. ज्या गॅरेजमध्ये जुना भाग मागितल्यावर “फेकला” असं उत्तर येतं तिथे मी पुन्हा जात नाही. असं एका ठिकाणी एकदा झालं होतं.

गंजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण कोल्हापूर-पुण्याच्या माणसाला हे सहज कळणार नाही. “खारो वारो लोखंडाक सोडणा नाय, गाडी उभी आसली तरी खाता,” असं मेस्त्री म्हणाले ते शब्दशः खरं आहे. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा पूर्ण सुकत नाही. त्यात चाकाच्या कमानीत आपली तांबडी माती जाऊन बसते, ती स्पंजासारखी भिजलेली राहते. सकाळी बंदरावरून निघणाऱ्या माशांच्या टेम्पोमागे लागलात तर त्यातून गळणारं खारं पाणी थेट तुमच्या गाडीच्या पोटावर उडतं. आणि माझी स्वतःची चूक अशी की पहिले सहा महिने मी गाडी ताडपत्रीने झाकत होते आणि घरच्या विहिरीच्या पाण्याने धूत होते. ताडपत्रीखाली वाफ धरते. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मे महिन्यात मचूळ होतं. म्हणजे मी दर रविवारी गाडीला मिठाच्या पाण्याने आंघोळ घालत होते. आता झापांचं उघडं छप्पर केलंय, माडांपासून लांब. नळाचं पाणी पाइपने खालून मारते, चाकांच्या चारही कमानींत. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, त्यांत पाला आणि माती अडकते. मेस्त्रींनी ती दाखवली, मी सायकलच्या आऱ्याने महिन्यातून एकदा मोकळी करते. पहिल्यांदा केली तेव्हा मागच्या डाव्या दारातून वाटीभर पाणी बाहेर पडलं.

आमच्याकडे काही जण वापरलेलं इंजिन ऑइल गाडीच्या पोटाला चोपडतात. मी ते करू दिलं नाही. तेल रबराला लागलं की बुश, म्हणजे चाकांच्या सांध्यांतली रबरी कडी, फुगतात आणि मऊ पडतात, आणि बुश हाच या गाडीचा दुसरा मोठा खर्च.

पुढच्या चाकांतून खडखड पहिल्या दिवसापासून होती. खड्ड्यातून एक चाक गेलं की पत्र्याच्या डब्यात खडा हलवल्यासारखा आवाज. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तो ऐकून थेट चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलायला सांगितले, अंदाज सोळा हजार. मेस्त्रींनी पहार लावून चाकांना खालून धरून ठेवणारे लोअर आर्म हलवून दाखवले. बुशचं रबर फाटून लोखंडावर लोखंड आपटत होतं आणि दोन्ही लिंक रॉड ढिले होते. दोन्ही आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट मिळून ९,३०० मध्ये आवाज गेला. शॉक ॲब्सॉर्बर त्यानंतर तीन वर्षं चालले. २०२५ मध्ये पुढचे दोन, वरच्या माउंटिंगसह, ९,८०० ना बदलले, तेव्हा त्यांतून खरोखर तेल गळत होतं. म्हणून खडखड ऐकली की आधी लिंक रॉड आणि बुश तपासायला सांगा, ते स्वस्त असतात आणि जास्त वेळा तेच गेलेले असतात. आवाज खडखडीचा नसून घोंघावण्याचा असेल, साठच्या वेगाला वाढत असेल आणि वळण घेताना बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग. माझं मागचं उजवं गेलं, २,९००.

एसीचं सांगते. पहिल्याच मार्चमध्ये गार हवा यायची थांबली. गॅस भरला, पंधरा दिवसांत पुन्हा गेला. कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी, गाडीच्या अगदी तोंडावर असतो, खारा वारा पहिला त्याच्यावरच येतो, आणि ॲल्युमिनियमच्या नळीला सुईएवढं भोक पडायला एवढं पुरतं. नवा कंडेन्सर, ड्रायर आणि गॅस मिळून ८,२००. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा दर उन्हाळ्यात तुमच्याकडून दोन-दोन हजार घेत राहील. एसी चालू असताना पुढच्या डाव्या पायाखालचा गालिचा ओला होत असेल तर घाबरू नका, ते एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबल्यामुळे होतं. हवा मारली की सुटतं, मेस्त्रींनी त्याचे पैसेही घेतले नाहीत.

आता वहीतलं सगळ्यात महाग पान.

मे २०२३. सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला निघालो होतो, कणकवलीवरून फोंडा घाटाने. मागे सासूबाई आणि नणंद, डिकीत चाकाची खुर्ची आणि नणंदेच्या सासरी द्यायच्या हापूसच्या दोन पेट्या. दुपारचे बारा, दुसरा गिअर, एसी चालू. तापमानाचा काटा एरवी अर्ध्याच्या किंचित खाली असतो. घाटाच्या मध्यावर तो अर्ध्याच्या वर गेलेला दिसला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, कारण हीटर इंजिनची उष्णता थोडी आत ओढून घेतो. काटा थोडा उतरला, पुढच्या वळणावर पुन्हा चढला आणि लाल रेषेला टेकला. बाजूला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ.

इथपर्यंत बरोबर वागले. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं नाही, हेही बरोबर. पुढे चुकले. वीस मिनिटांनी बाटलीतलं पाणी टाकीत ओतलं आणि दाजीपूरपर्यंत जाऊ, तिथे थांबू, असं म्हणून गाडी काढली. दोन किलोमीटरवर पुन्हा लाल. पुन्हा थांबले, पुन्हा पाणी, पुन्हा निघाले. असं तीनदा. मागच्या सीटवर उन्हाने हैराण झालेली म्हातारी माणसं होती आणि मला काहीही करून वर पोचायचं होतं. त्या तीन वेळांत हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वाकलं.

लगेच कळलं नाही. कोल्हापूरला पोचलो, संध्याकाळी गारव्यात परत आलो. नंतरच्या आठवड्यात सकाळी सुरू करताना मागून पांढरा दाट धूर यायला लागला, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रोज कमी होत होतं पण जमिनीवर एक थेंब नव्हता. मेस्त्रींनी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली आणि आत बघायला सांगितलं. पाण्यात बुडबुडे येत होते. सिलिंडरमधला दाब हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ थर, फोडून पाण्यात शिरत होता. ऑइलची काठी ओढून दाखवली, तेल अजून स्वच्छ होतं. ते दुधाळ चहासारखं झालं असतं तर पाणी ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत पोचलं असतं आणि अख्खं इंजिन उघडायला लागलं असतं.

गॅस्केट सेट २,८००. हेड लेथवर नेऊन फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं, १,५००. ऑइल, फिल्टर, कूलंट २,७००. मजुरी ६,५००. एकूण १३,५००. त्याच वेळी रेडिएटर बाहेर काढला तर त्याच्या पाकळ्या बोट लावताच भुकटी होऊन गळायला लागल्या, आणि खालच्या होजपाइपातून तांबडा गाळ निघाला. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कूलंटऐवजी साधं पाणी वापरलं होतं. आतून गाळ, बाहेरून मीठ. सपाट रस्त्यावर निभत होतं, घाटात भार पडल्यावर उघडं पडलं. रेडिएटर ५,२००, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) आणि होज २,१००. काही गॅरेजवाले गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला देतात. मेस्त्रींनी ठाम नाही म्हटलं. तो नसला तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

सगळे मिळून २०,८००. त्या दिवशी घाटातून गाडी ओढून आणायला एकाने फोनवर चार हजार सांगितले होते, मला ते जास्त वाटले होते. रेडिएटर तर बदलावाच लागणार होता, पण हेडचे साडेतेरा हजार वाचले असते. काम संपल्यावर चावी देताना मेस्त्री एवढंच म्हणाले, “काटो वर गेलो की गाडी थंयच उभी करूची. ढकलूची लागली तरी चलात, पण चालवूची नाय.” जुनी गाडी घेऊन घाट चढणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. आणि घेण्याआधी, थंड गाडीचं झाकण उघडून आतल्या पाण्याचा रंग बघा. हिरवा किंवा गुलाबी असेल तर चांगलं. गढूळ तांबडा असेल तर वर लिहिलेला हिशेब आठवा.

विजेच्या भानगडी इतक्या मोठ्या नाहीत, पण त्रास जास्त देतात, कारण त्या येतात-जातात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की डॅशबोर्डवर कधी एक दिवा लागायचा, कधी दुसरा. बॅटरीची अर्थची वायर जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती. घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळली, बस्स. दिव्यांचा खेळ थांबला, मजुरी शंभर रुपये. त्याआधी मला कोणीतरी कंट्रोल युनिट बदलावं लागेल म्हणून सांगितलं होतं. उंदरांनी मात्र खरं नुकसान केलं. एअर फिल्टरच्या डब्यात काथ्या आणून घरटं केलं आणि जाता-जाता इंजेक्टरची वायर कुरतडली. २,६००. आता डब्याच्या तोंडाला जाळी आहे, आणि नारळ सोलायची जागा गाडीपासून दूर हलवली. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर २०२५ मध्ये गेला. आधी मंद शिट्टीसारखा आवाज, मग बॅटरीचा दिवा रात्री हेडलाइट लावल्यावर लुकलुकायचा. कार्बन ब्रश, रेग्युलेटर आणि बेअरिंग घालून दुरुस्त झाला, ४,६००.

पावसाळ्यातली एक गोष्ट फक्त ज्याच्यावर बेतलीय त्यालाच माहीत असते. चार दिवस मुसळधार पाऊस, गाडी हँडब्रेक ओढून उभी. पाचव्या दिवशी निघायला गेले तर मागची चाकं हलेनात. ड्रममध्ये ब्रेकचे लायनर गंजून चिकटले होते. जोर केला तर लायनर बुडापासून निघून आला. शू, व्हील सिलिंडर आणि गंजून अडकलेली हँडब्रेकची केबल मिळून ४,९००. मेस्त्री म्हणाले, “पावसात हँडब्रेक वढूचो नाय, गिअरात टाकूची आणि चाकाक धोंडो लावूचो.” तेव्हापासून आमच्या खळ्यात दोन जांभ्याचे दगड कायमचे ठेवलेत. डिस्कवर मात्र रात्रीत जी तांबूस गंजाची साय धरते तिची काळजी नको, पहिल्या दोन-तीन ब्रेकला पुसली जाते.

क्लच १ लाख १८ हजारांवर बदलला. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं पण गाडी पुढे सरायची नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा सेट ६,८००, मजुरी ४,०००. गिअरबॉक्स उतरवलाच होता म्हणून इंजिनचे दोन माउंटिंगही त्याच वेळी घातले, ५,४००. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरायचं, ते थांबलं. नुसत्या प्लेटा बदलून बेअरिंग जुनंच ठेवणारे असतात, पाचशे रुपये वाचवायला. त्यांना तसं करू देऊ नका, बेअरिंग गेलं की सगळी मजुरी पुन्हा. सायलेन्सर त्याच वर्षी सडून दोन तुकडे झाला, ३,८००.

मग आला डिसेंबर २०२४, गाडीची पंधरा वर्षं पूर्ण. ओरोसला परिवहन कार्यालयात पुनर्नोंदणी केली. एप्रिल २०२२ मध्ये खाजगी मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० झालं होतं, त्याआधी ते ६०० होतं. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत गाडी प्रत्यक्ष बघतात, म्हणून आधीच उजव्या बाजूचा पत्रा पुन्हा ठीक करून घेतला, ६,५००. पाच वर्षांची मुदत मिळाली. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्याने हा खर्च किमतीत धरलाच पाहिजे. मी घेताना धरला नव्हता. विमा फक्त तृतीय पक्षाचा काढते. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला २०२२ मध्ये त्याचा हप्ता ३,४१६ ठरला होता, वर जीएसटी, आणि मालक-चालकाचं अपघात संरक्षण.

पेट्रोलबद्दल माझ्या वहीत एक बदल दिसतो. कुडाळच्या रस्त्यावर लिटरला चौदा मिळायचे, आता तेरा मिळतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि २००९ ची रबरं त्या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. गाडी वयानेही थकली असेल, सगळा दोष इथेनॉलला देणार नाही. पण टाकीजवळच्या नळीला घाम आल्यासारखी ओल दिसली आणि मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा एक दिवसही न थांबता गॅरेजला नेली. नव्या प्रतीच्या नळ्या आणि कुरकुरणारा पंप, ५,६००. वासाकडे दुर्लक्ष करू नका, तिथे पैशांचा प्रश्न नसतो.

टायर आणि दरवर्षीची सर्व्हिस धरून चार वर्षांत दुरुस्तीवर १ लाख ४८ हजार गेले. पहिल्या वर्षी ५४ हजार, मग साडेतेहतीस, बत्तीसच्या आसपास, आणि शेवटच्या वर्षी २८,६००. किलोमीटरला साधारण दोन रुपये पस्तीस पैसे, पेट्रोल सोडून. म्हणजे १ लाख ६० हजारांची गाडी मला तीन लाखांना पडली. हाताशी होते ते दोन लाख मी सगळे गाडी घेण्यातच घातले असते तर पहिल्याच वर्षी रस्त्यावर आले असते. चाळीस हजार बाजूला ठेवले होते, तेही पुरले नाहीत.

तरी या चार वर्षांत इंजिन एकदाही रस्त्यात बंद पडलं नाही. त्या घाटातसुद्धा मी थांबवलं, ते थांबलं नाही. सासूबाई तिला ‘आमची खुर्ची’ म्हणतात, कारण तिच्यातून उतरताना त्यांना कोणाचा हात लागत नाही. डिसेंबर २०२९ पर्यंत कागद आहेत आणि तोवर ती काढायचा विचार नाही. कोणी विचारलं, अशी गाडी घेऊ का, तर मी विचारते की पहिल्या वर्षासाठी वेगळे पन्नास हजार आहेत का, आणि जुने भाग परत देणारा मेस्त्री ओळखीचा आहे का. दोन्हींना हो असेल तर घ्या. घाटमाथ्यावरची घ्या, किनाऱ्यावरची नको, आणि स्क्रूड्रायव्हर सोबत न्या.

गेल्या आठवड्यात धामापूरच्या गतिरोधकावर मागून दोनदा धप्प असा आवाज आला, डिकी रिकामी असताना. मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर. मेस्त्रींनी अंदाज ६,४०० दिलाय, भाग कोल्हापूरहून येतायत. शनिवारी सकाळी गाडी सोडून यायची आहे.